जुनी स्प्लेंडर मिसिंग करतेय? कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावा

आमच्या घरी 2003 सालची हीरो होंडा स्प्लेंडर आहे. वडिलांनी घेतली, वीस वर्षं वापरली, आता माझ्याकडे आलीय. टाकी दोनदा रंगवून झाली, सीटचं कव्हर किती वेळा बदललं ते आठवत नाही, पण इंजिन अजून खोललेलं नाही. अशा गाड्या आमच्या साताऱ्यात प्रत्येक गल्लीत दोन-चार तरी निघतील. 1994 साली आलेल्या या गाडीचं 97.2 सीसीचं इंजिन इतकं साधं आहे की थोडी चिकाटी असलेल्या माणसाला त्याचं बरंचसं दुखणं घराच्या अंगणातच सापडतं. अडचण एवढीच, की नवशिका माणूस शोधायला सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतो.

मीही केली होती. गाडी स्लो स्पीडला बंद पडायला लागली, म्हणून एका रविवारी सकाळी थेट कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) उतरवला. कुठेतरी ऐकलं होतं की जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा अडकतो. आईच्या बांगड्यांतली सेफ्टी पिन घेतली आणि पितळेच्या त्या बारीक जेटमध्ये घालून चांगली फिरवली. गाडी चालू झाली, पण त्या दिवसापासून प्लग (इंजिनमध्ये ठिणगी पाडतो तो) काळा पडायला लागला आणि पेट्रोल पाण्यासारखं जायला लागलं. पिनेनं भोक मोठं झालं होतं. नवा जेट आणावा लागला. आणि मूळ दुखणं? प्लगची कॅप सैल होती.

नंतर आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक मामांकडे गेलो की ते काय करतात ते मी बघायला लागलो. गिऱ्हाईक येऊन "मामा, गाडी मिसिंग करतीय" (म्हणजे इंजिनचे ठोके मधेच चुकतायत) म्हणालं की मामा "काय होतंय" असं विचारत नाहीत. "कधी करतीय?" एवढंच विचारतात. सकाळी थंड असताना की गरम झाल्यावर? उभी असताना की पळताना? पाऊस पडल्यावरच का? चढाला? रिझर्व्हला आल्यापासून? त्या उत्तरावर ते हातात कुठला पाना घ्यायचा ते ठरवतात. हा लेख त्याच क्रमानं लिहिलाय. उदाहरण स्प्लेंडरचं आहे, पण कार्बोरेटर असलेल्या कुठल्याही जुन्या फोर स्ट्रोक गाडीला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

हाताशी काय हवं

गाडीच्या टूल किटमधला प्लग पाना, दोन स्क्रूड्रायव्हर, पान्यांचा साधा सेट, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो), जुना टूथब्रश, पांढरं फडकं, काचेचा ग्लास किंवा जुनी बरणी आणि मोबाईल. मोबाईल फोटो काढायला. खोलण्याआधी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. दोन तासांनी ती स्प्रिंग कुठली होती हे तुम्हाला आठवणार नाही.

काम उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, तो धूर जीव घेतो आणि त्याला वास येईलच असं नाही. पेट्रोल काढताना आसपास बिडी-सिगारेट, देवघरातला दिवा, काही नको. सायलेन्सर गार होऊ द्या.

आणि एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला, मग गाडी चालवून बघा. प्लग, फिल्टर, जेट सगळं एकदम बदललं आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कधीच कळत नाही. नाही सुधारली तर आणखी वाईट. आता जुन्या दुखण्याबरोबर तुमच्या हातचं नवं दुखणंही आत असू शकतं.

पाना हातात घेण्याआधी

यात लाज वाटण्यासारख्या गोष्टी आहेत, पण त्या सगळ्या मी स्वतः केल्यात.

चोक बघा. स्प्लेंडरला चोकची छोटी पट्टी कार्बोरेटरच्याच अंगावर असते, त्यामुळे ती अर्धवट ओढलेली राहिली तर वरून दिसत नाही. सकाळी घाईत चोक दिला आणि तसाच राहिला, की गाडी गरम झाल्यावर गुदमरते, काळा धूर सोडते, पेट्रोल पिते. घरात दोघं-तिघं गाडी वापरत असतील तर हे हमखास घडतं.

पेट्रोल कॉक बघा. टाकीतलं पेट्रोल कमी असेल आणि कॉक 'ऑन'वर असेल तर चढाला गाडी झटके मारून बंद पडते, सपाटीला पुन्हा चालते.

चेन बघा. हे कुणी सांगत नाही. स्प्लेंडरची चेन पूर्ण झाकणाच्या आत असते, म्हणून ती ढिली झालेली दिसत नाही. हळू चालवताना, ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की गाडी खाडकन झटका देते, आणि माणूस समजतो इंजिन मिसिंग करतंय. झाकणावरचं रबरी बूच काढून चेन बोटानं वर-खाली करून बघा. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा बरीच जास्त हलत असेल तर आधी ती ताणून घ्या. फरक ओळखायचा सोपा उपाय: गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. तिथे ठोके सरळ पडत असतील आणि झटके फक्त रस्त्यावर बसत असतील तर चेन, क्लच किंवा चिकटलेला ब्रेक यांच्यावर आधी संशय घ्या.

टाकीच्या झाकणाचं भोक बघा. पेट्रोल खाली जातं तशी तिथून टाकीत हवा यावी लागते. ते भोक धूळ-गंजानं बुजलं की गाडी आठ-दहा किलोमीटर मस्त चालते, मग दम लागल्यासारखी होऊन बंद पडते. थोडा वेळ उभी केली की परत चालते. अशी गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर काम झालं. भोक साफ करा.

महाबळेश्वरला गेल्यावर गाडी जड वाटली तर लगेच पाना काढू नका. सुमारे तेराशे-साडेतेराशे मीटर उंचीवर हवा इथल्या मैदानापेक्षा विरळ असते, पण कार्बोरेटरला ते कळत नाही. तो जवळपास तेवढंच पेट्रोल सोडत राहतो. हवा कमी, पेट्रोल जास्त. खाली उतरलात की आपोआप बरी होते.

प्लग: इंजिनचा जबाब

इथून खरं काम सुरू. इंजिन गार असताना प्लगची कॅप ओढून काढा (वायर धरून ओढू नका, कॅप धरा), भोवतीची माती ब्रशनं झाडा, नाहीतर ती आत पडेल. मग प्लग खोला.

टोकाचा रंग बघा. दुधाच्या चहासारखा किंवा फिकट विटकरी असेल तर मिश्रण ठीक जळतंय. कोरडी काजळी असेल, बोटाला काळं लागत असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: चोक, एअर फिल्टर, नाहीतर माझ्यासारखी सेफ्टी पिन. काळा पण ओला, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. प्लग पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल पोहोचतंय पण ठिणगी पडत नाही, किंवा किका मारून मारून तुम्हीच तो भिजवलाय. पांढराफटक, टोकाला बारीक पुटकुळ्या आल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय, आणि ही अवस्था दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पिस्टनवर येऊ शकते.

यात एक मेख आहे. 2000 सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर प्लगवर रंग पूर्वीइतका गडद चढत नाही. जुने मेकॅनिक सांगतात तसा पक्का विटकरी रंग दिसला नाही म्हणून घाबरू नका. दुसरं, घरी येऊन दोन मिनिटं गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवली तर दिसणारा रंग स्लो स्पीडचा असतो, पळतानाचा नाही. पळतानाचा हवा असेल तर मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं दोन-तीन किलोमीटर चालवा, क्लच दाबून चावी बंद करा, बाजूला थांबा आणि इंजिन जरा निवल्यावर तिथेच प्लग काढा.

मग फट बघा, म्हणजे मधली काडी आणि वरचा आकडा (वाकवलेली पट्टी) यांच्यातलं अंतर. ते किती हवं हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांना साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटर. वापरून वापरून काडी झिजते, अंतर वाढतं आणि ठिणगीला उडी मारणं जड जातं. वरचा आकडा हलक्या हातानं दाबून अंतर जुळवा. मधल्या पांढऱ्या चिनीमातीला धक्का नको, तिला केसासारखी चीर गेली तरी प्लग बाद.

आता ठिणगी. प्लग कॅपमध्ये बसवा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. भोकावर फडकं ठेवा. प्लग सुक्या लाकडी चिमट्यानं किंवा रबरी मुठीच्या पकडीनं धरा, चावी चालू करा आणि कुणाला तरी किक मारायला सांगा. सावलीत निळसर, टचकन आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळट-नारिंगी, बारीक, मधूनच येणारी असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. काही जण वायर नुसती हवेत धरून किक मारतात. तसं केल्यानं वीज जाईल कुठे? ती सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा कॉइल (प्लगसाठी विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी) यांच्या आतच वाट शोधते आणि मग मोठा खर्च निघतो.

ठिणगी कमजोर असेल तर क्रम असा: आधी दुसरा, चालू असल्याची खात्री असलेला प्लग लावून बघा. नवा प्लग स्वस्त असतो आणि गाडीत एक जादा असावाच. तरीही तसंच असेल तर कॅप. ती वायरीवर पेचासारखी फिरवून बसवलेली असते. उलटी फिरवून काढा. आत हिरवट गंज, काळे डाग, ओल दिसली तर कॅप बदला. वायरीचं टोक कुजलेलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापा आणि ताज्या तारेवर कॅप घट्ट फिरवून बसवा. माझी गाडी एवढ्यावर सुधारली होती. कॅपमध्ये बहुतेक वेळा 5 किलोओहमच्या आसपास रोध असतो. मल्टिमीटर असेल तर मोजा. आकडा भलताच मोठा आला किंवा काट्यानं काहीच दाखवलं नाही तर ती गेली.

पावसाळ्यात हा भाग अजून महत्त्वाचा. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावरच मिसिंग होत असेल तर कार्बोरेटरकडे बघूसुद्धा नका. रात्री अंधारात गाडी चालू करून प्लगच्या वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारा (कपड्यांना इस्त्री करताना वापरतो तो स्प्रे चालतो) आणि लांबून बघा. वायर फुटली असेल तर तिथून निळ्या बारीक ठिणग्या चेसिसकडे उड्या मारताना दिसतात. त्या वेळी हात लावू नका, झटका चांगलाच बसतो.

आणि गाडी गार असताना उत्तम, अर्ध्या तासानं गरम झाल्यावरच मिसिंग, निवल्यावर पुन्हा ठीक, असा प्रकार असेल तर कॉइल, पल्सर कॉइल (सीडीआयला ठिणगीची वेळ कळवणारी) किंवा सीडीआयवर संशय घ्यावा. गरम झाल्यावर आतली तार तुटल्यासारखी होते, गार झाली की जुळते. टाकीच्या झाकणाची खूणही अशीच असते, म्हणून ती आधी तपासून घ्यायला सांगितली. कॉइल तपासायची तर गाडी रुसलेली असतानाच, गरमागरम. गार करून मोजलीत तर ती निरोगीच दिसणार. हा भाग घरी अवघड पडतो. ओळखीच्या मेकॅनिककडून दुसरी चालू कॉइल तासभर लावून बघणं हा त्यातला स्वस्त मार्ग.

बुलेट, राजदूत, येझदी यांच्या जुन्या गाड्या असतील तर त्यांना सीडीआयऐवजी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असतात. जुन्या बुलेटला पॉइंटची फट साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर लागते. पॉइंट जळून खड्डे पडले असतील, उघडझाप होताना मोठी ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर बदलायची वेळ आलीय.

पेट्रोल: बरणीत काढून बघा

कार्बोरेटर खाली न उतरवता त्याच्या वाटीतलं पेट्रोल काढता येतं. वाटीच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो, तो सैल केला की नळीतून पेट्रोल बाहेर येतं. ते काचेच्या ग्लासात धरा आणि पाच मिनिटं हलवू नका. तळाशी गोळ्या-गोळ्यांसारखं काही वेगळं बसलं तर पाणी. तांबूस भुकटी दिसली तर टाकीला आतून गंज. काहीच आलं नाही किंवा थेंबथेंब आलं तर कॉकची जाळी तुंबलीय किंवा पेट्रोलची नळी कुठेतरी दुमडलीय. 'ऑन'ला बरी आणि रिझर्व्हला आली की मिसिंग, असं होत असेल तर टाकीच्या तळातला गाळ खाली येतोय. टाकी रिकामी करून धुवा, कॉकची जाळी साफ करा, आणि असला कचरा परत जेटपर्यंत जाऊ नये म्हणून नळीत छोटा फिल्टर टाका.

आता इथेनॉलबद्दल. 2025 मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोहोचलं. त्यातलं काही आमच्याच उसातून आलेलं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची! पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि कॉक तोच थर आधी इंजिनला पाठवतो. दुसरं, जुनी रबरी नळी आणि ओ-रिंग त्यात फुगतात किंवा चिरतात. नळी हातानं दाबून बघा, कडक किंवा चिकट झाली असेल तर बदला. तिसरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं. इंजेक्शनची नवी गाडी सेन्सरवरून ते सांभाळून घेते, आपल्या गाडीला सेन्सर म्हणजे आपलेच कान. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका.

हवा

एअर फिल्टर उघडा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवून, न पिळता दाबून, सावलीत पूर्ण वाळवून, थोडं फिल्टर ऑइल लावून बसवा. कागदी असेल तर धुवायचा नाही. कोरडा कागद असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारता येते, पण तेल लावलेला चिकट कागदी फिल्टर झटकूनही साफ होत नाही, तो सरळ बदलावा लागतो. कुठला आहे ते दुकानदाराला मॉडेलचं साल सांगून विचारा.

दुसरी बाजू जास्तीच्या हवेची. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड आणि तिथली ओ-रिंग जुनी झाली की फटीतून हवा आत घुसते. लक्षणं ओळखीची आहेत: ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनचा वेग पटकन खाली येत नाही, स्लो स्पीड कधी वर कधी खाली, उतारावर सायलेन्सरमधून फटाके. गाडी चालू ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथेच फट आहे. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनवर! तसलं काही करू नका. उतारावर फटाके येणं सायलेन्सर आणि इंजिनच्या जोडातल्या गॅस्केटमुळेही होतं. काजळीचा डाग शोधा.

टॅपेट

वरून टकटक आवाज येतो म्हणून लोक टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवायचा स्क्रू) घट्ट करून आणतात, आणि मग गाडी गरम असताना चालू व्हायला त्रास देते, स्लो स्पीड धरत नाही. कारण व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. थोडी टकटक चालेल, घट्ट टॅपेट चालणार नाही. त्यात व्हॉल्व्ह जळतो.

इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. प्लग काढा. टॅपेटची दोन्ही झाकणं आणि डाव्या बाजूच्या मॅग्नेटोची बुचं काढा. डावीकडून बघताना इंजिन घड्याळाच्या उलट दिशेनं हळूहळू फिरवा, 'टी' ही खूण खाचेसमोर आली की थांबा. आता दोन्ही रॉकर बोटानं हलवून बघा. दोन्हीत किंचित खेळ असेल तर बरोबर जागा. एखादा घट्ट असेल तर तुम्ही एक फेरा मागे आहात, पूर्ण एक फेरा अजून फिरवा. या घराण्यातल्या गाड्यांना ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, 0.05 च्या आसपास. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेतच बघा. फिलर गेजची पट्टी आत-बाहेर करताना किंचित ओढ लागली पाहिजे. नट आवळताना फट बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

पहिल्यांदा हे एखाद्या जाणत्या माणसाशेजारी बसून करा.

आता कार्बोरेटर

इतकं सगळं ठीक निघालं आणि तरी दुखणं आहे, तर कार्बोरेटर. पण खोलण्याआधी त्याचा कुठला भाग बिघडलाय ते ॲक्सिलरेटरच सांगतो. मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा, त्यावर बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा आणि गाडी चालवून मिसिंग कुठल्या खुणेला होतं ते बघा. बंद ते अगदी थोडा उघडा: पायलट जेट आणि एअर स्क्रू. पाव ते पाऊण: सुई आणि तिचा जेट. पाऊणच्या पुढे: मेन जेट.

बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत बहुधा पायलट जेटच जातो. वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळेसारखा थर राहतो, आणि सगळ्यात बारीक भोक त्याचं असल्यामुळे ते आधी बुजतं. म्हणून चोक दिला की चालते, चोक काढला की बंद, पळवली तर बरी, सिग्नलला थांबली की बंद: हे चित्र दिसलं तर तिथेच शोधा.

कॉक बंद करा, वाटी रिकामी करा, मग उतरवा. एअर स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा; शेवटी जोर लावू नका, टोक नाजूक असतं. सगळं एका ताटात पांढऱ्या फडक्यावर मांडा. रबरी ओ-रिंगा काढून ठेवा, कार्बोरेटर क्लीनरमध्ये त्या बिघडतात. जेट क्लीनरमध्ये भिजवा, मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा, डोळ्याला चष्मा लावून. उजेडाकडे धरलं की भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. पिन, सुई, स्टीलची तार, काही नाही. फारच झालं तर वायरीतली तांब्याची एक मऊ तार. वाटीतला तरंगणारा फ्लोट हलवून कानाशी धरा. आत पेट्रोल डचमळत असेल तर तो फुटलाय. फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल चर पडला असेल तर बदला, ओव्हरफ्लो तिथूनच होतो. परत बसवताना ॲक्सिलरेटरच्या केबलचा स्लाइड त्याच्या खाचेतच बसला पाहिजे, नाहीतर मूठ अडकते. गाडी चालू करण्याआधी मूठ दोनदा पिळून, सोडल्यावर ती टक्कन परत येते ना ते बघा.

सेटिंग गाडी दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावरच करायची. स्लो स्पीडचा स्क्रू फिरवून वेग जरा चढा ठेवा. एअर स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं दोन्हीकडे फिरवत जिथे इंजिनचा वेग सगळ्यात जास्त आणि ठोका सगळ्यात सरळ लागतो तिथे थांबा. मग स्लो स्पीड खाली आणा. पुन्हा एकदा हेच करा. स्प्लेंडरचं बंद मुठीतलं फिरणं मिनिटाला 1400 च्या जवळपास असावं, पण डॅशवर आरपीएमचा काटा नाही, तेव्हा कानावरच भिस्त. शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या स्प्लेंडरचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा आणि ताडून बघा. हा उपाय मामांना सांगितला तेव्हा ते हसले, पण नंतर त्यांनी स्वतःच एका गिऱ्हाइकाला तो दाखवला.

घरी न सुटणारी गोष्ट

किकला दाबच लागत नाही, निळा धूर येतो, महिन्याला ऑइल कमी होतं: पिस्टनच्या रिंगा, बोअर (पिस्टन वर-खाली होतो ती नळी) किंवा व्हॉल्व्ह. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, प्लग बसवा आणि किक मारून बघा. दाब एकदम वाढला तर रिंगा-बोअर झिजलेत. काहीच फरक नाही तर व्हॉल्व्हकडे बोट जातं. पुढचं काम गॅरेजचं.

आरएक्स 100 सारख्या टू स्ट्रोक गाडीवाल्यांनी मात्र इंजिन खोलायच्या आधी सायलेन्सरच्या आतली नळी बाहेर काढून बघावी. ऑइलच्या कार्बननं ती तुंबली की गाडी वर पळतच नाही, आणि माणूस उगाच बोअर करून आणतो.

गॅरेजला नेताना "मिसिंग करतीय, बघा" एवढं सांगून सोडून येऊ नका. कधी करते, गार की गरम, मुठीच्या कुठल्या खुणेला, तुम्ही काय काय बदललं आणि त्यानं काय फरक पडला, हे कागदावर लिहून द्या. काढलेला जुना प्लगही न पुसता फडक्यात गुंडाळून बरोबर न्या. आमचे मामा आधी तो प्लगच मागतात.